पालकांची अनास्था

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून कंपाउंडरनं ‘अर्धा तास उघडायचे न्हाईत, सर’ असं बजावलं होतं, म्हणून बुद्धघोष बाकावर भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसला होता. उमरग्यातल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी अकराला असते तेवढी गर्दी होती. मिटल्या डोळ्यांमागं एकेक आवाज सुटा होऊन येत होता. हायवेवर ट्रकनं दाबलेला ब्रेक, कुणाच्या तरी मोबाइलवरचं कीर्तन, फरशीवर काठीची टकटक. ती टकटक जवळ आली, थांबली, आणि कुणीतरी त्याच्या पायांना हात लावला. त्यानं दचकून पाय बाकाखाली ओढले. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात चार-दोन विद्यार्थी सोडले तर कुणी त्याच्या पायाला हात लावला नव्हता, आणि हा हात विद्यार्थ्याचा नव्हता. खरखरीत होता, कोरडा, म्हाताऱ्या माणसाचा. त्यानं डोळे उघडले तर समोर सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. हिरवं लुगडं, डोक्यावरून घेतलेला पदर, आणि चेहऱ्याच्या जागी एक तपकिरी डाग.

“वळखलं न्हाय का, सायेब?” तो डाग म्हणाला. “म्या सिताबाई. नळदुर्गाच्या वस्तीवरली. कुमारची आई. तुमचं नाव पुकारलं, तवा कळलं.”

कुमार. नाव ऐकून त्याला आधी आकडा आठवला. अकरा. मग पोलिसांनी धरलेल्या मुलांच्या निरीक्षणगृहातली खिडकी, खिडकीखाली बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा. मग ही बाई, झोपडीच्या दारात, लहान मुलीला हाताशी धरून. एकोणीस वर्षं झाली असतील.

“बसा ना मावशी, बसा,” तो सरकत म्हणाला. “पायाला कशाला हात लावता?”

“लावू द्या. कवापासनं मनात हुतं.” ती बसली नाही. तिनं बाकावरच्या इतर माणसांकडं तोंड फिरवलं असावं, कारण आवाज मोठा झाला. “ह्या सायबानं माझं लेकरू सोडवलं. पोलिसानं धरलं हुतं त्येला, न्हेऊन डांबलं हुतं. घरधनी मेंढरं घिऊन कर्नाटकात गेल्याला, जवळ कुणी न्हाय. ह्ये सायेब चालत वस्तीवर आले. लिवून न्हेलं माझ्याकडून, अंगठा घेतला, आन पोरगं सुटलं.”

बाकावरची माणसं आपल्याकडं बघताहेत हे बुद्धघोषला न दिसताही कळलं. कुणीतरी ‘वा, सर’ असंही म्हणालं. त्याला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तो जे बोलला ते त्याला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं. त्यानं विचारलं, “कुमार काय करतो आता?”

“न्हाय सायेब तो,” सिताबाई म्हणाली. आवाजात काही हललं नाही. “चौदा वर्सं झाली. काविळीनं गेला, हैद्राबादेत.”

आतून नाव पुकारलं गेलं. एक तरुण बाई लगबगीनं आली, म्हातारीला दंडाला धरून डॉक्टरांच्या खोलीत पोचवून परत आली आणि त्याच्यापुढं उभी राहिली. तिचाही चेहरा त्याला दिसत नव्हता. फिकट साडी आणि हातातली फाइल तेवढी दिसली.

“मी शिवकन्या. तेव्हा लहान हुते. आता आमच्या वस्तीवरच अंगणवाडी चालवते.” ती हळू बोलत होती, शेजारच्याला ऐकू जाऊ नये अशी. “बाहेरून बी. ए. केलं मी, सर. समाजशास्त्र घेतलं हुतं. तुमचं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात हाय. ‘मुलगा क, वय पंधरा, मेंढपाळ कुटुंब.’ नाव न्हाय घातलं तुमी, पण आमच्या वस्तीवर पंधरा वर्साचं दुसरं कोण धरलं हुतं?”

“हो,” तो म्हणाला. “नावं घालायची नसतात.”

“‘आठ महिन्यांच्या काळात माता एकदाही भेटीस आली नाही. मुलाच्या वर्तनाचे मूळ या अनास्थेत आढळते.’” पाठ असल्यासारखं तिनं म्हटलं, पाठच होतं. “ती का आली न्हाय, ह्ये तुमाला ठाऊक हुतं न्हवं, सर?”

त्यानं तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच कंपाउंडरनं त्याचा दंड धरला. “चला सर, तुमचा नंबर.” उजव्या हाताच्या खोलीत त्याला काळोखात बसवलं गेलं, हनुवटी एका थंड पट्टीवर ठेवायला सांगितली गेली. डोळ्यात प्रकाशाची बारीक सुई शिरली. डॉक्टर म्हणाले, वर बघा, खाली बघा, डावीकडं. तो बघत राहिला. बाहेर आला तेव्हा बाकावर दुसरी माणसं होती.

घरापर्यंतचं अंतर दहा मिनिटांचं. पण बाहुल्या औषधानं ताणलेल्या, आणि मार्चचं ऊन. दवाखान्याची पायरी उतरताच सगळा रस्ता त्याच्या डोळ्यांत घुसला. पत्र्याच्या पाट्या, ट्रकच्या काचा, पांढऱ्या टोप्या, सगळ्यांतून नुसता उजेड सांडत होता आणि त्या उजेडात आकार उरले नव्हते. हातानं कपाळावर आडोसा करून तो भिंतीभिंतीनं चालला. अनास्था. हा शब्द त्याचा नव्हता, त्याच्या मार्गदर्शकांचा होता. ते म्हणायचे, अहो, तुमच्याकडं चाळीस मुलं आहेत, चाळीस गोष्टी आहेत, पण गोष्टी म्हणजे संशोधन नव्हे. कारणं द्या, वर्गवारी करा. मग रकाने पडले. दारिद्र्य, स्थलांतर, शाळागळती, वाईट संगत, पालकांची अनास्था. विकसनशील समाजात कुटुंबाची पकड सैल होते आणि मूल रस्त्याच्या हाती जातं, असं परदेशी पुस्तकांत होतं, आणि आपल्याकडं रस्ता होताच, सोलापूर-हैद्राबाद. नळदुर्गच्या ढाब्यांपुढं रात्रंदिवस ट्रक उभे असत. कुमार दोन थोराड पोरांबरोबर तिथं पकडला गेला होता. ते दोघं उभ्या ट्रकच्या बॅटऱ्या काढत आणि हा लांबून कुणी येतंय का बघत असे. त्यानं स्वतः एकाही बॅटरीला हात लावला नव्हता. ‘जड असती सर, मला उचलत न्हाय’, असं त्यानं अगदी खरं खरं सांगितलं होतं, आणि बुद्धघोषला हसू आलं होतं.

दर सोमवारी तो निरीक्षणगृहात जायचा. कॉलेजात नुकता पर्मनंट झाला होता, हाताखाली छापलेल्या प्रश्नावल्या, दोन रंगांची पेनं, काखेत रेक्झिनची बॅग. मुलांना तो आवडायचा, कारण तो मारत नव्हता आणि उपदेशही करत नव्हता. तो फक्त विचारायचा आणि लिहून घ्यायचा. संशोधकानं हस्तक्षेप करायचा नसतो हे त्यानं घोकलं होतं. काचेच्या पलीकडून बघावं तसं बघायचं. तुम्ही हात घातला की निष्कर्ष गढूळ होतो. पहिल्या सोमवारी नाही, पण दुसऱ्या सोमवारी कुमारनं विचारलं होतं, “सर, माझी आई कधी येणार?” त्यानं ते लिहून घेतलं. पुढल्या सोमवारी परत. कधीतरी पावसाळ्यात त्या मुलानं विचारणं बंद केलं, तेही त्यानं लिहून घेतलं. बाल न्याय मंडळानं पहिल्याच तारखेला मुलाला घरच्यांच्या ताब्यात द्यायला सांगितलं होतं. कुणीतरी यायचं, सही नाहीतर अंगठा करायचा आणि न्यायचं, एवढंच. पंधरा दिवसांचं काम. ते आठ महिने लांबलं.

वस्तीवर मात्र तो आधीच गेला होता, पहिल्या सोमवारनंतरच्या गुरुवारी. कुटुंबाची माहिती हा प्रश्नावलीचा दुसरा भाग होता. नळदुर्गला एसटीतून उतरून माळावरनं तासभर चालत. सिताबाई तेव्हा चाळिशीची असेल. वाळलेली, तरतरीत बाई. नवरा लिंबाजी मेंढरं घेऊन दिवाळीनंतर गेलेला, तो पुढल्या श्रावणापर्यंत यायचा नाही. घरात शेळ्या, म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली, आणि सहा-सात वर्षांची शिवकन्या. ती एकटी कशी निघणार होती, आणि कुठं जायचं हे तिला ठाऊक तरी कुठं होतं? तिनं त्याला घोंगडी अंथरली. पाणी दिलं. देताना ती क्षणभर घुटमळली, तो कुठल्या समाजाचा हे तिनं आडनाव विचारून आधीच जाणून घेतलं होतं. मग घरातला होता तोच तांब्या तिनं पुढं केला. तेही त्याच्या लक्षात राहिलं होतं. प्रश्न संपायला चार वाजले. शेवटची गाडी साडेपाचची. त्यानं घाईनं संमतीपत्र काढलं, कारण मार्गदर्शकांनी बजावलं होतं, सही-अंगठ्याशिवाय एक शब्द वापरता येणार नाही. शाईचं पॅड उघडून त्यानं तिचा अंगठा धरला, कागदावर टेकवला. मजकूर तिला वाचून दाखवला का? दाखवला असेल. ‘माझ्या मुलाविषयी माहिती वापरण्यास माझी हरकत नाही.’ दाखवला असेलच.

आणि मग तिनं विचारलं होतं, “ह्येनं सुटंल न्हवं सायेब?”

तो बॅगेची चेन लावत होता. चेन अडकली होती. गाडीची वेळ, माळावरचा तास. तो म्हणाला, “हं.”

नंदानं दार उघडलं. “दिसतंय का काही? रिक्षा तरी करायची,” असं म्हणत बायकोनं त्याला हाताला धरून आत घेतलं. जेवण झालं तरी बाहुल्या आकसल्या नव्हत्या. त्यानं कपाटातला प्रबंध काढला, त्यामागची जुन्या वह्यांची चळतही काढली आणि खिडकीशी धरून बघितली. अक्षरांच्या मुंग्या झाल्या होत्या. त्याला वाटलं, आज वाचता येत नाहीये तेच बरं, आणि लगेच शिवकन्येचं वाक्य आठवलं. ती बोलली नसती तर तो काय करणार होता? म्हातारीचा नमस्कार खिशात घालून घरी आला असता. नंदाला सांगितलं असतं, आज एक गंमत झाली.

ते त्यानं सांगितलंच, पण संध्याकाळी, चहा समोर निवत असताना, आणि गंमत म्हणून नाही. नंदानं सगळं ऐकून घेतलं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई; मुलांची अर्धी वाक्यं तिला पुरी ऐकू यायची. ती म्हणाली, “पण तुम्हाला कधी कळलं? ती अंगठ्याच्या भरवशावर बसलीय, हे?”

हाच तो प्रश्न, दवाखान्यापासून तो चुकवत आलेला. उत्तर वहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे ताळ्यावर आल्यावर त्यानं ते काढलं. निळ्या शाईत, त्याच्याच अक्षरात, त्या वर्षीच्या जुलैतली नोंद. मुलांच्या सुटकेचं बघणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याशी बोलणं झालं होतं. तो वैतागून म्हणाला होता, कोतवालाबरोबर नोटीस पाठवली तर ती बाई म्हणते, म्या सायबाला अंगठा दिलाय, आता कशाला येऊ? कुठला साहेब कुणास ठाऊक. बुद्धघोषनं ते शब्दन्शब्द उतरवून घेतलं होतं. आणि खाली हिरव्या शाईत टीप केली होती, ‘माता प्रक्रियेबाबत उदासीन. भेटीची टाळाटाळ.’ त्याला साहेब कोण ते ठाऊक होतं. त्या क्षणी कळलं असणारच. हिरवं पेन उचलण्याआधी, निळं खाली ठेवल्यानंतर, तेवढ्या वेळात. पण त्याला तो क्षण काही केल्या आठवेना. लाज वाटल्याचं आठवेना, घाबरल्याचंही आठवेना. आठवत होतं ते इतकंच, की त्या महिन्यात अहवाल सादर करायचा होता, आणि अकरा नंबरच्या मुलापुढचा कारणाचा रकाना रिकामा होता.

त्या वहीपुढं बसून त्याला बाप आठवला. तात्याराव. बांधकाम खात्यात मैलकुली होता बाप, रस्त्याचे खड्डे बुजवायचा. बुद्धघोष सातवीत असताना शाळेत पाटलाच्या मुलाची कंपासपेटी हरवली आणि हेडमास्तरांनी चौकशी न करता बौद्धवस्तीतल्या तिघा पोरांना, त्यात यालाही, मैदानात उन्हात उभं केलं. तिघंही घेतली नाही म्हणत होते, कोण ऐकतो? तासाभरानं बाप आला. कुणी सांगितलं, कसं कळलं, देव जाणे म्हणावं तर बापाला तेही चाललं नसतं. खाकी कपडे, हाताला कोपरापर्यंत डांबर. तो हेडमास्तरांशी भांडला नाही, मुलाला काही विचारलं नाही. सरळ मैदानात आला आणि पोराच्या शेजारी उन्हात उभा राहिला. शाळा सुटेपर्यंत. बस्स, एवढंच. पेटी पुढं सापडली की नाही हेही बुद्धघोषला आठवत नाही. पण त्या दुपारनंतर आपण वाईट मार्गाला जाऊ शकत नाही असं त्याला कायम वाटत आलं, आणि ते का, हे कुठल्याही पुस्तकात त्याला सापडलं नव्हतं. प्रबंधाच्या मनोगतात त्यानं ते लिहिलंही होतं. मार्गदर्शकांनी काढायला लावलं. वैयक्तिक आहे, म्हणाले.

कुमारच्या शेजारी येऊन उभी राहणारी बाई माळावर बसून होती, अंगठ्याला लागलेली शाई घासून काढत, आणि तिला आणि त्या मुलाला दोघांनाही ओळखणारा जगात एकच माणूस होता. दर सोमवारी तो एकाच्या समोर बसत होता. एक वाक्य. ‘तुझी आई तुला विसरलेली नाही, तिला वाटतंय मीच तुला सोडवतोय.’ किंवा एक पोस्टकार्ड. आणि पुढली अठरा वर्षं? दर वर्षी दुसऱ्या सत्रात, तिसऱ्या वर्षाच्या वर्गापुढं, मुख्याध्यापकांच्या शिबिरांत, कुठं काही घडलं आणि वार्ताहराचा फोन आला की, तो ‘मुलगा क’ सांगत आला होता. बॅटरी जड असते, मला उचलत नाही, या वाक्यावर वर्ग हसायचा. मग तो थोडं थांबायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, आठ महिने, आणि आई एकदाही आली नाही. मुली डोळे पुसायच्या. त्याला ठाऊक होतं त्या कुठल्या शब्दावर पुसतील ते.

“जाऊन सांगतो तिला,” तो नंदाला म्हणाला.

नंदा भाजी निवडत होती. “तिनं पायाला हात लावला तेव्हाच सांगायचं होतं,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, “जावा. पण सांगून हलकं वाटंल असं काही मनात धरून जाऊ नका.”

तरी चार दिवस गेले. पेपर तपासायचे होते. पाचव्या दिवशी तो नळदुर्गला उतरला. माळावर आता सडक झाली होती, एक वडाप जीप त्याला अंगणवाडीपर्यंत घेऊन गेली. शिवकन्या मुलांना खिचडी वाढत होती. त्याला बघून तिनं पळी मदतनीस बाईच्या हातात दिली आणि हात पुसत बाहेर आली. आता तिचा चेहरा दिसला. भाऊ असाच होता, रुंद कपाळाचा, बोलण्याआधी ओठ दाबणारा.

“सांगणार आहात?”

“हो.”

“मला कळून सात वर्सं झाली. मी न्हाय सांगितलं.” ती वस्तीच्या दिशेनं चालू लागली, तो बरोबर. “दादा आला तो आबा परत आल्यावर. आबा जाऊन घेऊन आले त्याला. पण तो आईशी बोलला न्हाय. वाढलं तर खायचा. आई म्हणून हाक मारली न्हाय. दोन महिन्यांनी ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. पाच वर्सांत दोनदा आला, ते पण आबा असताना. आई म्हणायची, तिथं मारलं असंल त्येला, म्हणून मुका झालाय. तिला कधी सुचलंच न्हाय, की तो तिच्यावर रुसलाय.” ती थांबली. “तुमच्या पुस्तकात वाचलं तवा मला कळलं. तो आठ महिने वाट बघत हुता. आन ही हिकडं तुमचं नाव घेत हुती. कुणीतरी शिकलेला माणूस आपल्यासाठी चालत आला, एवढंच एक हाय सर तिच्यापाशी. ते काढून घ्यायचं का, ह्ये मला सात वर्सांत ठरवता आलं न्हाय.”

बुद्धघोषचे पाय थांबले. “मग परत जाऊ?”

“मला न्हका इचारू,” शिवकन्या म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. “एवढं तरी तुमचं तुमी ठरवा.”

सिताबाई लिंबाच्या सावलीत वाकळ शिवत बसली होती, सुई डोळ्याशी नेऊन. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढल्या महिन्यात करू म्हणाले होते. पावलं ओळखून तिनं मान वर केली आणि साहेब आलेत हे कळल्यावर उठायला लागली. त्यानं तिला उठू दिलं नाही. तोच खाली बसला, मातीवर. चहा आला. तिनं डोळ्यांची चौकशी केली, लेकरंबाळं विचारली. सून आली का, नातवंडं हायत का. तो उत्तरं देत राहिला आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला वाटत राहिलं, आता. वर्गात तो कधी अडला नव्हता.

मग तिनंच विचारलं. “एक इचारू का सायेब? तुमी तिथं जायाचे न्हवं, त्येच्याकडं. तो माझं नाव काढायचा का?”

शिवकन्या दारात उभी होती. ती आत गेली नाही.

“काढायचा,” बुद्धघोष म्हणाला. “दर सोमवारी. विचारायचा, आई कधी येणार.”

सिताबाईची सुई थांबली. “आन तुमी काय सांगितलं?”

“काही नाही.”

“म्हंजी, म्या अंगठा दिलाय, त्यावर बसलेय, ह्ये—”

“नाही सांगितलं. तो अंगठा सुटायचा नव्हता, मावशी. माझ्या अभ्यासाचा होता. सोडवायला तुम्हीच जायला पाहिजे होतं. तुम्ही विचारलं, ह्यानं सुटेल का, तेव्हा मी हं म्हणालो. आणि पुढं मला कळलं होतं, तुम्ही त्या भरवशावर आहात. तरी मी सांगितलं नाही. ना तुम्हाला, ना त्याला.” इथपर्यंत आवाज नीट आला. “वर तुम्हीच गेला नाहीत म्हणून लिहिलं. पुस्तकात.”

वाकळेवरची सुई तिनं शोधून, चाचपून, कापडात टोचून ठेवली, हरवू नये म्हणून. मग काठी घेतली आणि उठून शेळ्यांकडं गेली. दावणीशी वाकून तिनं काहीतरी केलं, एका शेळीला हाड् म्हणाली, नेहमीच्या आवाजात. मग वस्तीमागच्या बांधावर गेली आणि दिसेनाशी झाली. बुद्धघोष बसून राहिला. उठून जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं, आणि माफी मागावी तर ती कुठल्या शब्दात, आणि तिनं काय करायचं त्या माफीचं? माळावर ऊन चढत होतं. लांब हायवेवरनं ट्रक जाताना दिसत होते, आवाज ऐकू येत नव्हता. शिवकन्येनं एकदा येऊन चहाचे कप उचलले. त्याच्याकडं बघितलं नाही. त्याला वाटलं, आपल्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, आणि लगेच असं वाटल्याची शरम वाटली. आपण अजूनही आपल्याला काय बरं वाटेल तेच बघतोय.

तासाभरानं ती आली. तोंड धुतलेलं होतं, पदर ओला. तो अजून तिथंच आहे हे तिला सावलीवरून कळलं असावं.

“हायसा का अजून?”

“आहे.”

ती उभीच राहिली. “पाच वर्सं तो मनात धरून हुता, म्हंजी. मरस्तोवर.” “हैद्राबादेत मी गेले तवा त्येला चादरीत बांधला हुता. तोंड बघू दिलं, तेवढंच. मला वाटलं, माझं पोरगं गेलं. पण ते तर लई आधीच गेल्यालं हुतं की वो सायेब. आन मला पत्ता न्हाय.” तिनं काठी लिंबाला टेकवली. मग ती हळूहळू खाली बसली, त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि वाकळ बाजूला सारली.

“तुमाला माफ करायचं का न्हाय, ते मला कळत न्हाय,” ती म्हणाली. “ते मागनं बगू. आदी मला सांगा. तुमी आठ म्हैने त्येच्यापुढं बसलाव. माझ्यासंग तो दोन म्हैन्यांत दोन शबुद बोलला न्हाय. तुमच्यासंग बोलला. काय काय बोलला, ते सांगा. पयल्यापासनं. काय गाळू न्हका.”

बुद्धघोषला वाटलं होतं, आपल्याला तेवढंच आठवतं जेवढं छापलंय. बॅटरी, संगत, शाळा किती साली सोडली. पण तिनं मान तिरकी करून, नीट दिसत नसलेले डोळे त्याच्या आवाजावर लावले, आणि त्याच्या आत कुठंतरी त्या खिडकीखाली बसलेला मुलगा हलला. कितीतरी गोष्टी होत्या. त्या कुठल्याच रकान्यात बसल्या नव्हत्या, म्हणून कुठंच लिहिल्या गेल्या नव्हत्या. तिथल्या भाकरीला चव नाही म्हणायचा. झोपेत ओरडणाऱ्या एका बारक्या पोराला तो शेजारी घेऊन निजायचा. पेनाची टोपणं मागून घ्यायचा, शिट्ट्या करायला. शिवकन्येला लिहिता यायला लागलं का, असं विचारायचा. बुद्धघोष सांगत गेला, अडखळत, मधेच मागं जाऊन, कुठला सोमवार कुठल्या महिन्यातला हे आठवत. शिवकन्या दारातून येऊन आईच्या मागं बसली होती.

“एकदा मला विचारलं, सर, तुम्हाला धार काढता येती का? मी नाही म्हणालो. तर हसला. म्हणाला, आमच्याकडं एक शेळी हाय, पांढरी, ती माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाय. मी गेलो तर तिची धार कोण काढत असंल?”

“पांढरी न्हवती ती,” सिताबाई म्हणाली. “कबरी हुती.”

तिनं पदर डोळ्यांवरनं फिरवला आणि मान परत त्याच्याकडं तिरकी केली.

“हं. पुढं?”